पाण्यात पडलेले छंदाचे विमान : काठावर आणण्यापासून पुन्हा उडवण्यापर्यंत

नाशिकमध्ये रिमोटचे विमान उडवायला शिकणाऱ्याची पहिली अडचण मोकळ्या जागेची असते आणि ती जागा शोधता शोधता तो बहुधा पाण्याजवळच पोहोचतो. गंगापूर धरणाचे बॅकवॉटर, दारणा आणि मुकणे जलाशयांचे उन्हाळ्यात उघडे पडणारे काठ, दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या अधूनमधून पडीक राहिलेली वावरे, अशा जिथे विजेच्या तारा आणि माणसांची वर्दळ कमी, तिथे हाकेच्या अंतरावर धरण, कालवा, विहीर नाहीतर शेततळे असतेच. त्यामुळे आपले विमान कधी ना कधी पाण्यात जाणार, हे पहिल्या उड्डाणाआधीच गृहीत धरावे आणि त्या वेळी काय करायचे याचा क्रम डोक्यात पक्का ठेवावा.

क्रमावर इतका भर देण्याचे कारण आहे. अशी बहुतेक विमाने पाण्याने खराब होत नाहीत, तर ओली असताना त्यांच्यातून वाहत राहिलेल्या विजेने खराब होतात. नुसत्या पाण्यात तासभर पडलेला सर्किट बोर्ड नीट धुऊन वाळवला तर पुष्कळदा पुन्हा चालतो. पण बॅटरी जोडलेल्या अवस्थेत पाण्यात राहिलेल्या बोर्डाच्या पिना काही मिनिटांतच हिरव्या-काळ्या पडू लागतात, कारण दोन टोकांमधल्या विजेच्या दाबामुळे तांबे अक्षरशः विरघळत जाते. म्हणून वीज लवकर तोडायची आणि पुन्हा जोडायची मात्र उशिरा.

जागेबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी परिसर, गांधीनगरकडचा लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा तळ आणि नाशिकरोडची नोटांची छपाई यांमुळे शहराच्या आसपासचे बरेच आकाश उडवण्यासाठी खुले नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार हिरव्या (म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा असते. त्यामुळे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि शहर व ग्रामीण पोलिसांचे त्या वेळचे मनाई आदेश पाहिल्याशिवाय घरून निघू नये. नांदूर मध्यमेश्वरला पाणी आणि मोकळे आकाश दोन्ही आहे, पण ते पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. तिथे विमान घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

पहिला मिनिट

विमान पाण्याकडे कलल्याचे लक्षात येताच थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी दांडी, शून्यावर आणावा. वाचवण्याच्या धडपडीत थ्रॉटल वर ठेवून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढत राहणे ही नवशिक्यांची सार्वत्रिक सवय आहे. पंखा फिरत असताना पाण्यावर आदळला तर पाण्याच्या विरोधामुळे मोटर अडते, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) प्रचंड करंट ओढतो आणि जो भाग वाचला असता तोही जळतो. विमान आदळताच डिसआर्मचा, म्हणजे मोटर निकामी करणारा, स्विच ओढावा. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, मात्र बंद करू नये. विमानातल्या काही रिसीव्हरांचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचे ती सोय) चुकीचा लावलेला असतो आणि सिग्नल गेल्यावर ते मोटर शेवटच्या थ्रॉटलवर फिरवत राहतात. त्यामुळे विमानाची बॅटरी हाताने काढेपर्यंत ट्रान्समीटर चालू आणि थ्रॉटल शून्यावर, असेच असू द्यावे. अर्थात ॲन्टेना पाण्याखाली गेला असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल काही सेंटिमीटर पाण्यातही विरतो. म्हणजे विमानाने आज्ञा ऐकली की नाही हे आपल्याला कळत नाही, आणि ते हातात येईपर्यंत त्याचा पंखा केव्हाही फिरू शकतो असेच मानून वागावे.

यानंतरची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे जागेवरून न हलणे. काठाकडे पळत सुटलेल्या माणसाला विमान नेमके कुठे पडले ते विसरायला शंभर पावले पुरतात, कारण पाण्यावर खूण राहत नाही. आहे तिथेच उभे राहून विमानाच्या रेषेत पलीकडच्या काठावर दिसणारे एखादे झाड, टॉवर किंवा पंपहाऊस हेरावे, मोबाइलने त्या दिशेचा फोटो घ्यावा आणि आपल्या पायाशी दगड ठेवावा. बरोबरच्या मित्राला त्याच्या जागेवरून असेच करायला सांगावे. दोन ठिकाणांहून धरलेल्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे विमान असते. विमानात जीपीएस आणि टेलिमेट्री (विमानाची माहिती रिमोटवर पाठवणारी सोय) असेल तर ट्रान्समीटरवरच्या शेवटच्या अक्षांश-रेखांशाचाही फोटो काढून ठेवावा.

काठावर आणताना

फोमचे विमान सहसा बुडत नाही. ईपीओ किंवा ईपीपी फोमच्या आत बंद हवेचे कण असतात, त्यामुळे किलोभर वजनाचे विमान सहज तरंगते. पण नाकात बॅटरी असल्यामुळे ते नाक खाली आणि शेपूट वर अशा अवस्थेत तरंगते, म्हणजेच पंख आणि शेपूट कोरडी दिसत असतानाही नाकातला सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा कप्पा पाण्याखालीच असतो. लांबून दिसणाऱ्या शेपटीवरून ‘फारसे भिजलेले नाही’ असा अंदाज बांधू नये.

जलाशयात वाऱ्याकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, त्यामुळे गंगापूरच्या फुगवट्यात पडलेली हलकी वस्तू हळूहळू पूर्वेकडे, म्हणजे धरणाच्या भिंतीकडे सरकते. भिंतीजवळ आणि दरवाज्यांजवळ आपल्याला जाता येत नाही. विमान तिकडे सरकू लागले तर तिथल्या पहारेकऱ्याला गाठून काय झाले ते सांगावे आणि तो म्हणेल तसे करावे. इतर वेळी, विमान दिसत असेल आणि वारा आपल्या काठाकडे असेल, तर वाट पाहणे हाच उत्तम उपाय. वारा उलटा असेल तर जलाशयात मासेमारी करणाऱ्या दादांना विनंती करावी. त्यांना गाळ कुठे आणि खोल पाणी कुठे हे ठाऊक असते, आणि त्यांची होडी किंवा ट्यूब आपल्या हौशीपेक्षा भरवशाची असते. त्यांच्या वेळेचे पैसे आधी ठरवावेत, पंख्याला हात न लावता विमान शेपटीकडून धरायला सांगावे आणि ओली बॅटरी गरम लागली किंवा धूर दिसला तर विमान तिथेच सोडून द्यायला सांगावे.

स्वतः पोहत जाऊ नये. हे वाक्य मी पूर्ण गांभीर्याने लिहीत आहे. बॅकवॉटरच्या काठावर वरून कोरडा, भेगाळलेला दिसणारा गाळ दोन पावलांवर मांडीपर्यंत घेतो, पाणवेलींची मुळे पायात अडकतात, आणि पाणी उतरल्यावर दिसणारा सौम्य उतार मुळात जुन्या नदीपात्राची कडा असतो. शहरातल्या गोदावरीत तर वरून विसर्ग सुटला की पाणी बघता बघता चढते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आले यावरून आपण पुराचा अंदाज घेतो, तो उगाच नव्हे. कालव्याला आवर्तन सुटलेले असेल तर त्यातही उतरू नये. प्रवाहाच्या दिशेने काठाकाठाने चालत जावे, कारण तरंगणारी वस्तू पुढच्या गेटपाशी किंवा जाळीपाशी केरकचऱ्यात अडकलेली सापडते. विहिरीत पडलेले विमान बाहेर काढायला दोराला बांधलेला लोखंडी गळ लागतो. बादली काढायचा तो गळ शेतकऱ्याच्या घरी बहुधा असतोच.

शेततळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण द्राक्षाच्या पट्ट्यात विमान पडण्याची सर्वांत मोठी शक्यता तिथेच असते आणि दिसायला निरुपद्रवी असलेली हीच जागा सर्वांत घातकी आहे. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलेले असते. उतारावर पाय ठेवला की माणूस थेट पाण्यात घसरतो, आणि धरायला काहीच नसल्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो उतार चढून बाहेर येता येत नाही. म्हणून कुंपणाच्या आत जाण्यापूर्वी शेतमालकाला हाक मारावी. मालक समोर आला की ‘काका, आमचं विमान तुमच्या तळ्यात पडलंय, कागदाला धक्का न लावता काढू द्याल का?’ एवढे सरळ विचारावे. कागद फाटला तर त्याच्या हंगामाचे पाणी जमिनीत जिरते, तेव्हा तिथे लोखंडी गळ, काठी, बांबू यांपैकी काहीही टाकू नये. आम्ही वापरतो ती पद्धत अशी : तळ्याच्या रुंदीपेक्षा लांब नायलॉनचा दोर घ्यावा, त्याला हात-दीड हाताच्या अंतरावर झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या बांधाव्यात म्हणजे तो पाण्यावर तरंगतो, आणि समोरासमोरच्या बांधांवर एकेकाने त्याचे टोक धरून दोघांनी सावकाश एकाच दिशेने चालावे. दोर विमानाला मागून टेकतो आणि ढकलत कडेला आणतो. कोपऱ्यात आलेले विमान झेल्याने किंवा लांब दांड्याच्या जाळीने उचलावे. हा सारा वेळ दोघांनीही बांधाच्या सपाट भागावरच राहावे.

मोठ्या पाण्यात, काठापासून वीस-पंचवीस मीटरवर विमान असेल, तर गळ टाकण्याची रीळवाली काठी उपयोगी पडते. दोरीच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधून तो विमानाच्या पलीकडे फेकावा आणि दोरी पंखावर आडवी येईल अशी सावकाश गुंडाळावी.

हातात आल्यावर

विमान काठावर येताच सर्वप्रथम पंख्याच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर हात ठेवून बॅटरी काढावी. कनेक्टर ओला असला तरी प्लास्टिकचा भाग धरून सरळ ओढावा. वायर धरून ओढू नये. बॅटरी फुगलेली, गरम किंवा गोडसर वासाची वाटली तर हात लावू नये, विमान मोकळ्या जमिनीवर ठेवून लांब उभे राहावे. अशी शंका नसेल तर ती काढून विमानापासून आणि गाडीपासून दूर, दगडावर किंवा उघड्या मातीवर ठेवावी. त्यानंतरच ट्रान्समीटर बंद करावा.

मग विमान नाक खाली, शेपूट खाली, दोन्ही बाजू अशा सगळ्या दिशांना कलते करून पाणी काढावे. पंखातल्या कार्बनच्या पोकळ नळीत पाणी सहज राहते; नळी बाहेर काढून उभी झटकावी. रिसीव्हर, ईएससी, सर्वोचे (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) कनेक्टर, कॅमेरा आणि मेमरी कार्ड, जे सुटे होईल ते जागेवरच सुटे करावे, पण सोडण्याआधी कोणती वायर कुठे होती याचा फोटो घ्यावा. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून बॅटरी पुन्हा लावण्याचा मोह या वेळी फार तीव्र असतो. माझे दुसरे विमान मी गंगापूरच्या काठावरून घरी आणले, सहा तास पंख्याखाली ठेवले आणि संध्याकाळी केवळ दिवा लागतो का ते पाहण्यासाठी बॅटरी लावली. दिवा लागला, दोन सर्वो हलले आणि तिसऱ्या सेकंदाला ईएससीच्या आवरणातून धूर आला. आवरण कापून पाहिले तेव्हा बाहेरून खडखडीत कोरड्या दिसणाऱ्या त्या भागात आतल्या बाजूला पाण्याचा थेंब तसाच होता. तो ईएससी आणखी दोन दिवस ठेवला असता तर आजही चालला असता, असे मला खात्रीने वाटते.

धुणे आणि वाळवणे

भिजलेली वस्तू पुन्हा पाण्याने धुवा म्हटले की नवीन लोक बिचकतात, पण धुण्याला पर्याय नाही. धरणाच्या पाण्यातला गाळ, विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि शहराखालच्या नदीतले सांडपाणी वाळल्यावर बोर्डावर थर बनून बसते, आणि हवेतल्या ओलाव्याने तो थर पुन्हा वीज वाहू लागतो. आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढावा आणि मग बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर, ज्याला सगळे ‘बॅटरीचे पाणी’ म्हणतात, त्याने खळखळून धुवावे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावावे. एम. जी. रोडवरचे मोबाइल दुरुस्त करणारे हेच ‘आयपीए’ वापरतात. ते पाण्याला आपल्याबरोबर घेऊन उडून जाते. ते ज्वालाग्राही असल्याने खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती नसावी. ईएससीवरचे आकसलेले प्लास्टिकचे आवरण धुण्याआधी ब्लेडने कडेकडेने कापून काढावे, कारण खरे पाणी त्याच्याच खाली थांबते. विमानाचा तोल सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलर बोर्डावर उंची मोजणाऱ्या बॅरोमीटरचे बारीक छिद्र असते. त्यात ब्रश घालू नये, नुसते वाहते द्रव पुरे, आणि त्यावरचा स्पंजाचा तुकडा भिजला असेल तर नवा लावावा.

वाळवण्यासाठी फक्त वेळ आणि वाहती हवा लागते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही साधत नाही. उलट तांदळाची भुकटी कनेक्टरमध्ये जाते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि फोम वाकवते. कोरड्या ऋतूत पंख्याच्या हवेत पूर्ण दोन दिवस पुरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत मात्र पंखा ओलीच हवा फिरवत राहतो, तेव्हा एक दिवस पंख्याखाली ठेवून नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर चार-पाच दिवस ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीत विमान ठेवून ‘लवकर वाळेल’ असे म्हणू नये. बंद गाडीच्या उष्णतेने फोमच्या पंखाला येणारा पीळ पुढे कशानेही निघत नाही.

बॅटरी

भिजलेल्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीबद्दल मी कडक आहे. तिचे पाकीट सीलबंद असते, त्यामुळे थोडा वेळ गोड्या पाण्यात राहून ती वाचूही शकते. पण आपटताना पाकिटाला बारीक छेद गेला असेल तर आत पाणी शिरून अभिक्रिया सुरू होते, विषारी वायू तयार होतो आणि आग काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशीही लागू शकते. म्हणून ती घरात आणू नये. गच्चीवर किंवा अंगणात, वाळू घातलेल्या लोखंडी डब्यात, झाकण सैल ठेवून दोन-तीन दिवस राहू द्यावी. पुढे बॅलन्स कनेक्टरवरून, म्हणजे सेलांच्या तारा असलेल्या छोट्या प्लगवरून, प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजावे. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला असेल, इतरांपासून ०.१ व्होल्टहून अधिक दूर असेल किंवा पाकिटाला खोक, सूज वा सुरकुती दिसत असेल, तर ती बॅटरी संपली असे समजावे. सगळे ठीक असेल तर पहिले चार्जिंग समोर बसून, उघड्यावर आणि अर्ध्या वेगाने करावे, म्हणजे २२०० एमएएच बॅटरीला साधारण १ ॲम्पिअर.

टाकायची तीन सेलची बॅटरी गाडीच्या इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बला उघड्यावर जोडून, बल्ब पूर्ण विझेपर्यंत रिकामी करावी आणि ई-कचऱ्यात द्यावी, घंटागाडीत टाकू नये. फुगलेली किंवा फाटलेली बॅटरी मात्र अशी जोडू नये. ती वाळूच्या डब्यातच ई-कचरा घेणाऱ्यापर्यंत न्यावी.

एकेक भाग तपासताना

मोटरला पाण्याचे फारसे भय नसते. तिच्या तारांवर इनॅमलचा थर असतो. गंजतात ती बेअरिंगे. पण आपल्याकडे एक खास उपद्रव आहे. इथली माती आणि वाळू काळ्या बसाल्ट खडकाची आहे, त्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण असतात आणि विमान काठाच्या वाळूत टेकले की ते मोटरच्या चुंबकांना काजळीसारखे चिकटतात. धुण्याने ते जात नाहीत. मोटरचा बाहेरचा डबा काढून उजेडात धरला की चुंबकांच्या कडेने त्यांच्या बारीक मिशा उभ्या दिसतात. चिकटपट्टीची चिकट बाजू बोटावर गुंडाळून त्या टिपाव्यात, पट्टी काळी झाली की नवी घ्यावी, आणि पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहावे. मग बेअरिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडून मोटर हाताने फिरवावी. घासल्याचा आवाज किंवा खरखर जाणवली तर बेअरिंग बदलावे.

भिजलेले छोटे सर्वो मी उघडून धुतो, पण एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या पट्ट्या) आणि एलिव्हेटरसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही. सर्वोच्या आत स्थिती सांगणारा जो पोटेन्शिओमीटर असतो, त्यावर गाळाचा कण राहिला की सर्वो टेबलावर नीट चालतो आणि हवेत अचानक थरथरतो. सर्वो टेस्टरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवावा. मध्ये कुठेही उडी मारली तर तो काढून टाकावा. दोन-अडीचशे रुपयांच्या सर्वोसाठी अख्खे विमान पणाला लावण्यात अर्थ नाही.

सगळे वाळल्यावर वीज जोडण्यापूर्वी मल्टिमीटर शॉर्ट असल्यास बीप देणाऱ्या खुणेवर ठेवून ईएससीच्या बॅटरीकडच्या दोन तारा तपासाव्यात. कपॅसिटरमुळे क्षणभर बीप होऊन थांबला तर ठीक. सतत वाजत राहिला तर आत शॉर्ट आहे. पहिली जोडणी पंखा काढून आणि मध्ये स्मोक स्टॉपर (करंट मर्यादित ठेवणारा, बल्ब असलेला जोड) लावून करावी, म्हणजे दोष असला तर त्यातला बल्ब उजळतो आणि बोर्ड वाचतो. आधी नुसता ईएससी आणि रिसीव्हर, मग एकेक सर्वो आणि शेवटी जीपीएस व कॅमेरा असे वाढवत जावे; प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटे थांबून कोणता भाग विनाकारण गरम होतो का ते बोटाने पाहावे. त्याच वेळी ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते याची, म्हणजेच फेलसेफ बरोबर असल्याची, खात्री करून घ्यावी.

बांधणी आणि पुन्हा उड्डाण

विमानाचे वजन कोरडे असतानाच कुठेतरी लिहून ठेवलेले असावे. ९०० ग्रॅमचे विमान चार दिवसांनंतरही ९४० भरत असेल, तर ४० ग्रॅम पाणी अजून आत आहे. बहुधा चिकटपट्टीच्या खाली, पंखाच्या जोडात किंवा शेपटीच्या पोकळीत. हे पाणी मागच्या बाजूला असेल तर सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मागे सरकतो आणि विमान हातातून सुटताच नाक वर करून कोसळते. कागदी थराच्या फोमबोर्डने घरी बनवलेल्या विमानाचा तो थर भिजल्यावर फुगून सुटतो. तो भाग कापून नवा लावणेच सोयीचे. बाल्साचे विमान सावलीत, सपाट फळीवर, वजन ठेवून वाळवावे, नाहीतर पंखाला पीळ पडतो. हिंज (बिजागऱ्या), हॉर्न (पट्टी ओढणारे कान) आणि मोटरमाउंटचे (मोटरच्या बैठकीचे) सांधे एकेक ओढून पाहावेत.

पुढच्या वेळेसाठी बोर्डांवर सिलिकॉनचे कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा रोखणारा पातळ थर, द्यावे. बॅरोमीटरचे छिद्र, यूएसबीचा सॉकेट, बटणे आणि कनेक्टरच्या पिना तेवढ्या वगळाव्यात. पंखाच्या खालच्या बाजूला भडक नारिंगी पट्टा लावावा, कारण उलटे तरंगणारे पांढरे विमान चमकत्या पाण्यावर दिसत नाही. शेपटीवर पुसले न जाणारे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहावा. एकदा आमचे विमान पलीकडच्या काठाला लागले होते आणि तिथे शेळ्या चारणाऱ्या मुलाने तो क्रमांक वाचून फोन केला, म्हणूनच ते परत मिळाले.

दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण पाण्यापासून दूर, गवतावर, वारा पडलेला असताना सकाळी करावे. आधी जमिनीवर अर्ध्या थ्रॉटलवर दोन मिनिटे मोटर चालवून ईएससी चाचपावा, मग दोन-तीन मिनिटांचे एकच उड्डाण करून उतरवावे आणि कप्पा उघडून पुन्हा सगळे भाग हाताने पाहावेत. पुढचे दोन-तीन आठवडे प्रत्येक उड्डाणाआधी कनेक्टरच्या पिना भिंगातून पाहाव्यात. कुठे हिरवट ठिपका दिसला, तर तो कनेक्टर त्याच दिवशी बदलावा.